रेडिओ स्फोटाचं घर शोधताना: आलेखाच्या कागदापासून गुहागरच्या पुळणीपर्यंत

आमच्या वाडीत बावीस घरं आहेत. त्यातली चौदा शिमगा आणि गणपती सोडले तर वर्षभर कुलूपबंद असतात. उरलेल्या आठ घरांत साठीच्या पुढची माणसं. पोरंबाळं मुंबईला, पुण्याला. पाळणा हलल्याला किती वर्षं झाली ते मोजावं लागेल. अशा वाडीत एका रात्री तान्ह्या बाळाच्या रडण्याचा आवाज आला तर सगळे कंदील-बॅटऱ्या घेऊन अंगणात येतील, आणि पहिला प्रश्न एकच असेल: हे कुठल्या घरातून आलं?

खगोलशास्त्रज्ञांवर नेमकी हीच वेळ आली. २० जानेवारी २०२० ला कॅनडातल्या चाइम या रेडिओ दुर्बिणीने अतिशय छोटा, तीव्र रेडिओ स्फोट टिपला. पुढे त्याच जागेवरून आणखी स्फोट आले आणि माग काढत गेल्यावर पत्ता सापडला तो एका गोलाकार तारकागुच्छाचा, म्हणजे नऊशे कोटी वर्षांहून जुन्या ताऱ्यांच्या वाडीचा. तिथे असा आवाज येईल असं बहुतेकांना वाटलं नव्हतं.

तो पत्ता कसा लागला हे नुसतं वाचण्यापेक्षा स्वतः करून पाहावं म्हणून हा लेख लिहिला आहे. आठवी-नववीचा भागाकार येणाऱ्या कोणालाही यातलं गणित जमतं. सामान फारसं लागत नाही. आलेखाचा कागद, साधा कॅल्क्युलेटर आणि भिंतीवरचं कालनिर्णय घरात असतंच. १०×५० ची बायनॉक्युलर कोणाकडून उसनी मिळाली तरी चालेल. मोबाईलवरचं तारांगण ॲप शेवटी उघडा. आधी कागद हातात घ्या, कारण कागदावर वक्र काढताना जे डोक्यात शिरतं ते ॲपमध्ये बोट फिरवून शिरत नाही.

आधी स्फोटाशी ओळख

'फास्ट रेडिओ बर्स्ट' या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून या स्फोटांना एफआरबी म्हणतात. पहिला २००७ मध्ये जाहीर झाला. डंकन लॉरिमर आणि सहकारी ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीची जुनी नोंद चाळत होते, तेव्हा २४ जुलै २००१ च्या नोंदीत पाच मिलिसेकंदांहूनही कमी टिकलेला एक झटका दिसला. सहा वर्षं तो फितीवर पडून होता. २०२१ मध्ये चाइमने पहिली मोठी यादी खुली केली, तिच्यात ५३६ स्फोट होते. बहुतेक स्फोट एकदाच दिसतात, काही थोडे त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा येतात. पुन्हा येणारे आपल्या कामाचे, कारण त्यांची वाट पाहत दुर्बिणी रोखून बसता येतं.

नाव वाचायची पद्धत सोपी आहे. आपल्या स्फोटाचं नाव एफआरबी २०२००१२०ई. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि शेवटचं अक्षर त्या दिवसातला क्रमांक सांगतं. म्हणजे २० जानेवारी २०२० चा पाचवा.

पहिली पायरी: उशीर मोजा

चिपळूणहून कऱ्हाडला जाणारा कुंभार्ली घाट डोळ्यांपुढे आणा. पायथ्याशी एक मोटारसायकल आणि एक भरलेला ट्रक एकाच क्षणी निघाले. माथ्यावर मोटारसायकल आधी पोचेल, ट्रक मागून. आता समजा, तुम्ही माथ्यावर उभे आहात आणि पायथा तुम्हाला दिसत नाही. तरी दोघांच्या येण्यातलं अंतर घड्याळावर मोजलंत तर घाट केवढा आहे याचा अंदाज बांधता येतो. घाट जितका लांब, तितकं अंतर जास्त.

रेडिओ स्फोटात सगळ्या लहरी एकदम निघतात. वाटेत ताऱ्यांमधल्या आणि दीर्घिकांमधल्या पोकळीत मोकळे इलेक्ट्रॉन विखुरलेले असतात. त्यांच्यातून जाताना वरच्या वारंवारतेच्या लहरी मोटारसायकलसारख्या पुढे सटकतात, खालच्या वारंवारतेच्या मागे रेंगाळतात. वाटेत एकूण किती इलेक्ट्रॉन लागले त्या मापाला डिस्पर्शन मेजर म्हणतात. बोलताना सगळे डीएम म्हणतात, आपणही तेच म्हणू.

सूत्र एवढंच:

उशीर = ४.१५ × डीएम × (१ ÷ खालच्या वारंवारतेचा वर्ग − १ ÷ वरच्या वारंवारतेचा वर्ग)

वारंवारता गिगाहर्ट्झमध्ये घाला, उत्तर मिलिसेकंदांत येतं. चाइम ४०० ते ८०० मेगाहर्ट्झमध्ये ऐकते, म्हणजे ०.४ ते ०.८ गिगाहर्ट्झ. इथे मुलं हमखास चुकतात. मेगाहर्ट्झ तसेच घातले तर उत्तर दहा लाख पटींनी लहान येतं आणि सूत्रच चुकीचं आहे असं वाटायला लागतं.

आपल्या स्फोटाचा डीएम ८७.८ आहे. ४.१५ ला ८७.८ ने गुणा, सुमारे ३६४ येतील. आता ०.८ चा वर्ग ०.६४, त्याचा व्यस्त १.५६. ०.४ चा वर्ग ०.१६, त्याचा व्यस्त ६.२५. वजाबाकी केली की ४.६९. त्याला ३६४ ने गुणलं की साधारण १७०८ मिलिसेकंद. म्हणजे ८०० मेगाहर्ट्झची लहर पोचल्यावर ४०० ची लहर यायला १.७ सेकंद लागले. आकडा लिहून झाला की तोंडाने 'एक हजार एक' म्हणून बघा, तेवढ्यात जवळजवळ संपतो हा उशीर. एक कोटी वर्षांहून जास्त चालून आलेल्या दोन लहरींमध्ये पडलेली फट इतकीच, आणि ती मोजता येते. मला अजूनही हे लिहिताना अंगावर काटा येतो.

दुसरी पायरी: आलेख काढा

मधल्या वारंवारतांसाठी हेच गणित करा. ७०० मेगाहर्ट्झला उशीर येतो १७४ मिलिसेकंद, ६०० ला ४४३, ५०० ला ८८८, ४०० ला १७०८. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर वारंवारता घ्या आणि हे बिंदू जोडा. रेष सरळ येत नाही. वरून झपकन खाली उतरते आणि खाली येता येता उजवीकडे लोळत जाते, पुळणीवर फुटलेल्या लाटेच्या पाण्यासारखी. पहिल्या १०० मेगाहर्ट्झला १७४ मिलिसेकंद लागतात, शेवटच्या १०० ला ८२०.

आता दुसरा कागद घ्या. या वेळी उभ्या अक्षावर वारंवारता न घेता तिच्या वर्गाचा व्यस्त घ्या, म्हणजे १.५६, २.०४, २.७८, ४ आणि ६.२५. बिंदू एका सरळ रेषेत बसतात. पट्टी लावून बघा.

ही पट्टीची परीक्षा फार महत्त्वाची आहे. पार्क्समध्ये अनेक वर्षं काही विचित्र झटके येत होते, दिसायला एफआरबीसारखेच. त्यांना पेरिटॉन असं नाव पडलं होतं. २०१५ मध्ये त्यांचा उगम सापडला: वेधशाळेच्या आवारातला मायक्रोवेव्ह ओव्हन. वेळ संपायच्या आत कोणी दार उघडलं की आतून एक रेडिओ झटका बाहेर सुटायचा. एमिली पेट्रॉफ आणि सहकाऱ्यांनी मुद्दाम दारं उघडून ते सिद्ध केलं. शलाका म्हणजे दुर्बिणीचा एकेक डोळा, प्रत्येक डोळा आकाशाचा वेगळा तुकडा पाहतो. आकाशातला खरा स्फोट दुर्बिणीच्या मोजक्या शलाकांतच दिसतो. ओव्हनचा झटका मात्र सगळ्या तेरा शलाकांत एकदम उमटायचा, कारण तो आकाशाच्या एका ठिकाणाहून येतच नव्हता. इंटरनेटवर एखाद्या एफआरबीचं चित्र दिसलं की आधी विचारा: वक्र नीट बसतोय का, आणि तो किती शलाकांत दिसला?

चाइमच्या यादीत प्रत्येक स्फोटाचं चित्र आहे. बरीच चित्रं उशीर काढून टाकून, उभी सरळ रेघ करून दाखवलेली असतात. ते बघून गोंधळू नका. चित्रासोबत दिलेला डीएम घ्या आणि मूळ वक्र स्वतः काढा. एका रविवारी चार-पाच तरी होतात.

तिसरी पायरी: अंतराची कमाल मर्यादा

डीएममधला काही वाटा आपल्या आकाशगंगेतल्याच इलेक्ट्रॉनचा असतो. तो आधी वजा करायचा. आपल्या स्फोटाच्या दिशेला तो सुमारे ४० आहे, म्हणजे उरले ४८. उरलेला सगळा डीएम दीर्घिकांमधल्या पोकळीचा धरला तर ढोबळ नियम असा की १००० डीएमला ताम्रसृती १. (ताम्रसृती म्हणजे लांबून येणारा प्रकाश तांबड्या रंगाकडे किती सरकला त्याचं माप. ती जितकी जास्त, तितकं अंतर जास्त.) मग ४८ ला ताम्रसृती ०.०४८ येते, म्हणजे साधारण पासष्ट कोटी प्रकाशवर्षं.

खरं अंतर निघालं सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षं. पन्नासपट फरक! कारण उरलेल्या ४८ मध्ये आपल्या आकाशगंगेभोवतीच्या विरळ, तप्त वायूच्या वेढ्याचा वाटा आहे आणि स्फोट ज्या दीर्घिकेत झाला तिचाही आहे. घाटाच्या भाषेत सांगायचं तर ट्रकला उशीर झाला तो काही घाटामुळे आणि काही पायथ्याच्या फाटकापाशी झालेल्या खोळंब्यामुळे. माथ्यावरून ते वेगळं काढता येत नाही.

म्हणून डीएमवरून मिळते ती कमाल मर्यादा. स्फोट याच्या पलीकडे असू शकत नाही, एवढंच खात्रीने म्हणता येतं. लॉरिमरच्या स्फोटाचं गणितही करून बघा. डीएम ३७५, त्यात आकाशगंगेचा वाटा जेमतेम २५. चाइमच्या पट्ट्यात तो आला असता तर उशीर ७.३ सेकंद झाला असता. दोन्ही वक्र एकाच कागदावर काढले की लांबचा आणि जवळचा यातला फरक डोळ्यांना दिसतो.

चौथी पायरी: पत्ता

चाइम हलत नाही. शंभर मीटर लांब, वीस मीटर रुंद असे चार अर्धगोल पन्हाळे आहेत, आपल्या घरांच्या पागोळ्यांखाली लावतात तशा आकाराचे, फक्त प्रचंड. पृथ्वी फिरते तसं आकाश त्यांच्यावरून सरकत जातं. त्यामुळे रोज मोठा पट्टा पाहून होतो, पण एकटीने नेमकी जागा सांगणं तिला जमत नाही. २०२१ मध्ये मोहित भारद्वाज आणि चाइमच्या सहकाऱ्यांनी इतकं सांगितलं की स्रोत एम ८१ या सर्पिल दीर्घिकेच्या बाहेरच्या भागात असावा.

नेमका पत्ता काढायची युक्ती आपल्याकडच्या मच्छीमारांना नवी नाही. भर समुद्रात जाळं टाकायची जागा पुन्हा सापडावी म्हणून ते किनाऱ्यावरच्या खुणा धरतात. देवळाचा कळस आणि मागचा डोंगर एका रेषेत आले, आणि दुसरीकडे अमुक टोक तमुक झाडावर आलं, की होडी तिथेच आहे. खुणा एकमेकींपासून जितक्या लांब, तितकी जागा पक्की.

रेडिओ दुर्बिणींचंही तेच. दुर्बिणीची नजर किती तीक्ष्ण, हे लहरीची लांबी भागिले दुर्बिणीचा विस्तार यावर ठरतं. १.४ गिगाहर्ट्झची लहर २१ सेंटिमीटरची. शंभर मीटरच्या एकट्या तबकडीला आकाशातला सात कलांचा ठिपका म्हणजे एकच जागा वाटते, चंद्राच्या रुंदीचा साधारण पाऊण हिस्सा... नाही, त्याहून कमी, पाव हिस्सा. (चंद्र तीस कलांचा. हा भागाकार तुम्हीही करून बघा, घाईत असाच चुकतो.) पण दहा हजार किलोमीटर अंतरावरच्या दोन तबकड्यांनी एकाच वेळी ऐकलं आणि अणुघड्याळाने नोंदी जुळवल्या, तर नजर लाखपट तीक्ष्ण होते. गुहागरच्या किनाऱ्यावरून मुंबईतल्या तांदळाच्या दाण्याहून लहान वस्तू वेगळी ओळखावी, तेवढी.

फ्रान्झ कर्स्टन, केन्झी निमो आणि सहकाऱ्यांनी युरोपियन व्हीएलबीआय नेटवर्कच्या तबकड्या अशा एकत्र लावल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये निकाल छापून आला. स्रोत एम ८१ च्या केंद्रापासून सुमारे पासष्ट हजार प्रकाशवर्षं बाजूला, एका गोलाकार तारकागुच्छात होता.

वाडीत बाळ कुठून आलं?

या पायरीला कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. इथे विचार करायचा आहे, आणि माझ्या मते सगळ्यात गोडी इथेच आहे.

तोवर एफआरबीचा मुख्य संशयित होता मॅग्नेटार. हा न्यूट्रॉन ताऱ्याचाच प्रकार: सूर्याहून जास्त वस्तुमान साधारण वीस किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात कोंबलेलं, आणि चुंबकीय क्षेत्र विश्वातलं सर्वात तीव्र. संशयाला पुरावाही होता. २८ एप्रिल २०२० ला आपल्याच आकाशगंगेतल्या जंबूक तारकासमूहातल्या एका मॅग्नेटारने रेडिओ स्फोट केला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे ८ वाजून ४ मिनिटं झाली होती. टाळेबंदीत सगळे घरात, आणि जंबूक अजून आपल्या क्षितिजाखाली.

अडचण अशी की नेहमीच्या वाटेने मॅग्नेटार जन्मतो तो प्रचंड ताऱ्याच्या मृत्यूतून. असे तारे अल्पायुषी, फार तर काही कोटी वर्षं जगतात. मॅग्नेटारचा जोरही काही हजार ते लाखभर वर्षांत ओसरतो. म्हणजे मॅग्नेटार दिसला की शेजारी नुकतीच ताऱ्यांची पैदास झालेली असली पाहिजे. गोलाकार तारकागुच्छात मात्र ती शेकडो कोटी वर्षांपूर्वीच थांबलेली. तिथले मोठे तारे केव्हाच गेले. उरलेत ते लहान, जुने, तांबूस.

मग बाळ आलं कुठून? गुच्छाची दाटी हेच याचं उत्तर असावं. सूर्याला सर्वात जवळचा तारा चार प्रकाशवर्षांपलीकडे आहे. दाट गुच्छाच्या गाभ्यात तारे त्याच्या चाळिसाव्या हिश्शाइतक्या अंतरावर असतात. अशा गर्दीत तारे एकमेकांच्या वाटेत येतात, जोड्या जमतात, तुटतात, अदलाबदल होते. एखादा श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा, शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढत राहतो. त्याचं वस्तुमान चंद्रशेखर मर्यादेपाशी, म्हणजे सूर्याच्या १.४ पटींपाशी आलं की काही वेळा स्फोट न होता तो आत कोसळतो आणि नवा न्यूट्रॉन तारा जन्मतो. दुसरी शक्यता, दोन श्वेत बटू एकमेकांभोवती फिरत फिरत एक होतात. म्हातारपणी दोन घरं एक होऊन नवा संसार मांडावा तसं. मला स्वतःला या दोन वाटा सर्वात पटतात. काही अभ्यासक मात्र मॅग्नेटार सोडूनच द्या म्हणतात आणि जुन्या, पण शेजाऱ्याच्या वायूने पुन्हा वेग घेतलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याकडे बोट दाखवतात.

एफआरबी २०२००१२०ई च्या स्फोटांतले काही झटके केवळ ६० नॅनोसेकंदांचे निघाले. तेवढ्या वेळात प्रकाश १८ मीटर जातो. वेगाने पुढे झेपावणाऱ्या द्रव्याचे परिणाम बाजूला ठेवले, तर ज्या जागेतून तो झटका निघाला ती आपल्या बंदरातल्या मोठ्या ट्रॉलरएवढी. दुसऱ्या दीर्घिकेतली ट्रॉलरएवढी जागा! जानेवारी २०२२ मध्ये जर्मनीतल्या एफेल्सबर्गच्या शंभर मीटर तबकडीने याच स्रोताचे ४० मिनिटांत ५३ स्फोट ऐकले.

गोष्ट एका गुच्छावर थांबलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये चाइमला सापडलेला एक पुनरावर्ती स्रोत दोनशे कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका जुन्या, ताऱ्यांची पैदास थांबलेल्या दीर्घिकेच्या पार कडेला निघाला. विश्वांगी शाह आणि सहकाऱ्यांचा तो निबंध जानेवारी २०२५ मध्ये आला. तिथेही गोलाकार गुच्छ असेल का, ही शक्यता त्यांनी मांडली आहे.

आता बाहेर चला

स्फोट स्वतः डोळ्यांना दिसत नाही. पण तो ज्या दीर्घिकेत झाला ती दिसते, आणि तो ज्या प्रकारच्या घरात झाला तशी घरं तर कोकणातून फार सुरेख दिसतात.

किनाऱ्यावर जाण्याआधी दोन-तीन गोष्टी बघा. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा. भरतीची वेळ विचारून घ्या, पुळण अरुंद असेल तर भरतीच्या रात्री बसायला जागाच उरत नाही. बॅटरीच्या तोंडाला लाल जिलेटीन कागद दुहेरी लावा. अंधाराला सरावलेली नजर त्याने टिकते. शिवाय मार्च ते मे या दिवसांत वेळास, आंजर्ले, गुहागरच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं घरट्यातून निघून पाण्याकडे जातात. पांढऱ्या उजेडाने ती उलट्या दिशेला भरकटतात. घरट्यांच्या कुंपणापासून लांब बसा.

बायनॉक्युलरची काळजी इकडे वेगळी घ्यावी लागते. माझ्या पहिल्या बायनॉक्युलरला एका पावसाळ्यात आतून बुरशी चढली. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू आले आणि दुरुस्तीवाल्याने ते पुसताना भिंगावरचा लेपही काढला. तेव्हापासून मी ती घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. पुड्यांतले खडे महिन्याला तव्यावर मंद आचेवर कोरडे करून घेतो. किनाऱ्यावरून आल्यावर भिंग कोरड्या फडक्याने कधीच पुसू नका. त्यावर मीठ असतं, चरे पडतात. आधी फुग्याने हवा मारा.

मार्चच्या शेवटी रात्री साडेदहाच्या सुमारास उत्तरेला तोंड करा. सप्तर्षी उजव्या हाताला वर चढलेले असतात. चौकोनातल्या पुलस्त्याकडून क्रतूकडे तिरकी रेघ ओढा आणि क्रतूच्या पुढे तेवढीच वाढवा. तिथे बायनॉक्युलर फिरवली की एकाच दृश्यात दोन पुसट डाग दिसतात, एक लांबट गोल आणि दुसरा बारीक सुरीसारखा. गोल तो एम ८१, सुरी ती एम ८२. नजर थेट न रोखता जरा बाजूला ठेवली की ते उजळतात. आता एम ८१ च्या मध्यापासून चंद्राच्या दोन-तृतीयांश रुंदीएवढं बाजूला सरका. काहीच दिसणार नाही, नुसतं काळं आकाश. पण ते ५३ स्फोट तेवढ्याच अंतरावरून आले.

घर प्रत्यक्ष बघायचं असेल तर मे महिना. यासाठी मी वर्षभर थांबतो. पंधरा मेच्या आसपास रात्री साडेदहाला चित्रा तारा बरोबर दक्षिणेला, डोक्याच्या बराच जवळ असतो. हात पूर्ण लांब करून मूठ धरा. मूठ म्हणजे साधारण दहा अंश. चित्रापासून सरळ खाली साडेतीन मुठी मोजा. क्षितिजापासून वर मोजलं तर अडीच. तिथे एक तारा दिसेल, पण इतर ताऱ्यांसारखा टोकदार नाही, जरासा फुगलेला. हा नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ. मालवणात तो दीड अंश वर दिसतो, अलिबागला एक अंश खाली. दिल्लीकरांना तो क्षितिजाच्या धुरळ्यातून शोधावा लागतो. आपल्याला तो पुळणीवर बसून मिळतो, हे भाग्य आहे.

संध्याकाळी समुद्रावरून दमट वारा येत असतो आणि दक्षिणेचं आकाश दुधाळ असतं. घाई करू नका. रात्री मतलई वारा सुटला, जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागला, की धूसरपणा उतरतो. समुद्रात प्रखर दिव्यांच्या होड्या असतील तर सुरूच्या बनाचा आडोसा घ्या.

बायनॉक्युलर लावा, कोपर गुडघ्यांवर टेकवा. आधी नुसता गोल ढग दिसतो. मिनिटभर श्वास संथ ठेवून पाहिलं की त्या ढगाला पोत येतो, तांदळाच्या पिठासारखा. मध्ये दाट, कडेला विरत गेलेला. त्यात सुमारे एक कोटी तारे आहेत आणि ते सतरा हजार प्रकाशवर्षं लांब आहेत. एकेक दाणा वेगळा होत नाही, तरी दाणे आहेत हे डोळ्यांना कळतं. २०२० मध्ये यात पहिले पाच पल्सार, म्हणजे ठोक्याठोक्याने रेडिओ लहरी पाठवणारे न्यूट्रॉन तारे, सापडले. म्हणजे या वाडीतही कुणी जागं आहे.

मध्यरात्रीनंतर थांबलात तर ज्येष्ठेच्या अगदी शेजारी, पश्चिमेला, एम ४ हा गुच्छ त्याच बायनॉक्युलरमध्ये येतो. दसऱ्यानंतर पाऊस ओसरला की संध्याकाळी नैर्ऋत्येला, समुद्राच्या वर, धनूच्या चहाच्या किटलीतल्या झाकणाच्या टोकाशी एम २८ शोधा. गोलाकार गुच्छातला पहिला मिलिसेकंद पल्सार, म्हणजे सेकंदाला शेकडो गिरक्या घेणारा पल्सार, १९८७ मध्ये तिथे मिळाला.

पुढे जायचं असेल तर

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची दुर्बीण. २००४ मध्ये हिनेच कपोत तारकासमूहातल्या एनजीसी १८५१ या गोलाकार गुच्छात, अतिशय लांबट कक्षेत फिरणारा मिलिसेकंद पल्सार शोधला. तो गुच्छ फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री नऊला आपल्या दक्षिणेला तीन मुठी उंचीवर असतो. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरतं. वेळापत्रक बघून शाळेची मुलं घेऊन जा. आवारात मोबाईल बंद करायला सांगतात तेव्हा त्यांना ओव्हनची गोष्ट सांगा.

घरी रेडिओ लावून एफआरबी ऐकू येईल का, असं मुलं विचारतात. दुसऱ्या दीर्घिकेतला नाही. पण २८ एप्रिल २०२० चा आकाशगंगेतला स्फोट अमेरिकेतल्या स्टेअर-२ या छोट्या उपकरणानेही पकडला होता, आणि त्याच्या अँटेनाभोवती केक भाजायची दोन भांडी बसवलेली होती. एकमेकांपासून शेकडो किलोमीटर लांब अशा तीन ठिकाणी ती ठेवली होती, म्हणजे एका ठिकाणचा ओव्हन दुसरीकडे ऐकू येत नाही. सुरुवात करायची तर यूएसबीचा साधा एसडीआर (संगणकाला जोडून सॉफ्टवेअरने चालणारा रेडिओ) रिसीव्हर घेऊन १४२० मेगाहर्ट्झवर आकाशगंगेतला हायड्रोजन पकडून बघा.

आणि वही ठेवा. तारीख, वेळ, वारा कुठून होता, काय दिसलं, काय दिसलं नाही. गेल्या मेच्या माझ्या पानावर असं आहे: 'रात्री १०.५०. मतलई सुटला. चित्राखाली साडेतीन मुठी. शेजारच्या काकू पहिल्यांदाच बायनॉक्युलर धरून बसल्या. म्हणाल्या, पिठाची चाळण आपटल्यासारखं आहे. ११.१५ ला ढग.'